चार टक्के प्रकाश

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर गेले पाच महिने कुणी जेवलेलं नाही. टेबलावर रद्दीतली वर्तमानपत्रं अंथरलेली आहेत. त्यांवर नाश्त्याच्या बशीएवढी, दीडशे मिलिमीटर व्यासाची, पण चांगली इंचभर जाड काच. शेजारी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, त्यांत राखाडी पावडर, आणि प्रत्येक बरणीवर फळ्यावरच्या वळणदार अक्षरात एकेक आकडा : ८०, १२०, २२०, ३२०, ५००. घर एका निवृत्त विज्ञानशिक्षिकेचं आहे. ती दुर्बिणीचा आरसा घासते आहे.

जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी तिचा भाचा आला. वय एकतीस, नोकरी हिंजवडीत, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये नवीकोरी दुर्बीण. अंधार पडल्यावर त्याने गच्चीवर तिपाई उभी केली, फोनवर मृग नक्षत्रातला तेजोमेघ निवडला आणि हात खिशात घातले. दुर्बिणीने आपणच आकाशाचा एक फोटो घेतला, ताऱ्यांच्या नकाशाशी ताडून आपलं तोंड कुठे आहे ते ओळखलं, मान वळवली आणि दहा-दहा सेकंदांचे फोटो एकावर एक रचायला घेतले. पाच-सात मिनिटांत फोनच्या पडद्यावर पंख पसरलेला गुलाबी ढग. खाली खेळणारी पोरं वर आली, त्यांच्या मागोमाग त्यांच्या आया आल्या, आणि अर्ध्या तासात तो ढग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही पोहोचला.

"आत्या, पाच महिने काच घासतेयस तू," जिना उतरताना भाचा म्हणाला. "तुझ्या दुर्बिणीतून अजून एक तारा दिसलेला नाही. मी बुधवारी खोकं उघडलं."

"खरं आहे," आत्या म्हणाली. "चहा टाकू?"

वादाला तोंड फुटलं ते तिथे. चहाबरोबर बशीत चकल्या होत्या, त्यांचा उल्लेख पुढे यायचा आहे.

आत्या नेमकं काय करते आहे, ते आधी सांगायला हवं. सारख्या आकाराच्या दोन काचा घ्यायच्या. एक खाली, तिला टूल म्हणतात. दुसरी वर, ती आरसा होणार. दोन्हींच्या मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पावडर. वरची काच पुढे-मागे सरकवत राहायची, अधूनमधून हातातच थोडी फिरवायची आणि आपणही टेबलाभोवती एकेक पाऊल सरकायचं. वरची काच पुढे झुकली की तिचा मधला भाग खालच्या काचेच्या कडेवर जोराने टेकतो. त्यामुळे वरची मध्यभागी झिजत जाते आणि खालची कडेला. काही तासांत एक खोलगट होते, दुसरी फुगीर. साचा नाही, यंत्र नाही, तरी दोन्ही पृष्ठभाग गोलाचे तुकडे होतात. कारण कसेही सरकवले तरी एकमेकांना सगळीकडे टेकून राहणारे पृष्ठभाग गोलाचेच असतात. आत्याच्या आरशाचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आहे. त्यासाठी मधोमध किती खोली लागते? १.१७ मिलिमीटर. ती पहिल्या बरणीतच मिळते. बाकीच्या बरण्या आधीच्या बरणीने पाडलेले खड्डे बुजवायला.

मग पिच. राळेसारखं काळं, हातोडीने फोडलं तर तडकणारं आणि नुसतं ठेवलं तर महिन्याभरात आपल्याच वजनाने पसरणारं. त्याचा थर टूलवर ओतायचा, त्यात चौकोनी खाचा पाडायच्या आणि सिरियम ऑक्साईडचा लगदा लावून काच घोटायची. करडी काच हळूहळू पारदर्शक होते. आत्या आता याच्याही पुढच्या टप्प्यावर आहे.

"माझा पहिला मुद्दा पैशांचा," भाचा म्हणाला. "काच, पावडरी, पिच, मुलामा, सगळं धरून किती झाले? तेवढ्यात तयार आरसा घरपोच येतो. कारखान्यात यंत्रं रात्रंदिवस आरसे घोटत असतात."

"मी हिशेब केलाय. तयार स्वस्त पडतो. माझी मजुरी शून्य धरली तरी."

हे उत्तर भाच्याला अपेक्षित नव्हतं.

शंभर वर्षांपूर्वी हा हिशेब उलटा होता. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या स्प्रिंगफील्ड या गावी रसेल पोर्टर नावाच्या माणसाने १९२० साली आरसा घासण्याचा वर्ग सुरू केला. शिकायला आलेले बहुतेक जण तिथल्या यंत्रांच्या कारखान्यात काम करणारे. चांगली दुर्बीण विकत घेणं त्यांच्या पगाराच्या आवाक्याबाहेरचं होतं, पण धातू आणि मापं त्यांच्या हाताखालून रोज जात होती. त्यांनी गावाबाहेरच्या टेकडीवर स्वतःची वास्तू बांधली. अल्बर्ट इंगल्स या संपादकाने १९२५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला आणि हे वेड देशभर पसरलं. पोर्टर पुढे माउंट पालोमारच्या ५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या कामावर गेला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी उपकरणांना लागणारे अवघड लोलक घडवायला माणसं कमी पडली, तेव्हा याच हौशी मंडळींनी ते घरी बसून करून दिले.

"म्हणजे माझंच म्हणणं झालं," भाचा म्हणाला. "त्यांना परवडत नव्हतं म्हणून त्यांनी केलं. आता परवडतं. नळ आल्यावर विहिरीवर कोण जातं?"

"हर्शेलला परवडत होतं," आत्या म्हणाली. "बाजारात दुर्बिणी मिळत होत्या. त्याने एक भाड्यानेही आणली होती. त्याला हवी होती तेवढी मोठी मिळत नव्हती."

विल्यम हर्शेल पेशाने संगीतकार. इंग्लंडमधल्या बाथ गावात शिकवण्या करायचा. १७७३ साली त्याने आरसे घासायला सुरुवात केली. त्या काळी आरसे काचेचे नसत. तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. ते लवकर काळवंडत आणि पुन्हा घोटावे लागत. एकदा घोटकाम मध्येच सोडता येईना, तेव्हा सोळा तास त्याने आरशावरून हात उचलला नाही आणि बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवत राहिली, असं तिनेच लिहून ठेवलं आहे. १३ मार्च १७८१ च्या रात्री घरामागच्या बागेतून आकाश चाळताना त्याला एक तारा ठिपक्यासारखा न दिसता बारीक चकतीसारखा दिसला. तो युरेनस. आधीच्या निरीक्षकांच्या वह्यांत तो नोंदलेला होता, पण तारा म्हणून. पुढच्या वर्षी ग्रिनिचच्या राजवेधशाळेतल्या दुर्बिणींशी हर्शेलच्या दुर्बिणीची तुलना झाली. सरस ठरली ती हर्शेलची.

"हर्शेलला युरेनस मिळाला," भाचा म्हणाला. "तुला काय मिळणार? तुझ्या आरशातून जे दिसेल ते सगळं कुणीतरी आधीच पाहिलंय."

"तुझ्या फोनवरचंही."

दोघंही हसली. पण भाचा हार मानणारा नव्हता. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"बरं, 'स्वतः' म्हणजे किती स्वतः? काच तू ओतलीस? कार्बोरंडम तू भाजलंस? नळी सुताराकडून करून घेतलीस. मुलामा निर्वात भांड्यात ॲल्युमिनियमची वाफ करून देतात, तो कुठूनतरी करूनच आणणार. लंडनमध्ये थॉमस थ्वेट्स नावाचा एक विद्यार्थी होता, त्याचं माहीत आहे? त्याने टोस्टर शून्यापासून करायचा ठरवला. दुकानातला सगळ्यात स्वस्त, ३.९४ पौंडांचा टोस्टर उघडला तर आत चारशेच्या वर सुटे भाग. मग हा गडी खाणीतून लोहदगड घेऊन आला. भट्टीत जमेना म्हणून मायक्रोवेव्हमध्ये तो वितळवला. शेवटी ११८७.५४ पौंड खर्चून टोस्टर झाला आणि विजेला जोडल्यावर काही सेकंदांत जळाला."

"त्याला काय कळलं?"

"हेच, की सगळं स्वतः करणं अशक्य आहे."

"बरोबर. आणि तेवढ्या खर्चात चांगलंच कळलं," आत्या म्हणाली. "टोस्टरच्या पोटात काय काय असतं ते विकत घेणाऱ्याला कुठे ठाऊक असतं? मी काच विकत आणली, नळी करून घेतली. आरशाचा आकार तेवढा माझा. दुर्बिणीत बाकीचं सगळं सामान हा आकार धरून ठेवण्यासाठी असतं, म्हणून मी तो निवडला."

न्यूटनने १६६८ साली आरशाची पहिली दुर्बीण केली, तेव्हा त्याने धातूही स्वतः ओतला आणि हत्यारंही स्वतः केली. त्याच्या उतारवयात भाचजावयाने विचारलं होतं, हत्यारं कुठून आणलीत? तीही मीच केली, असं सांगून न्यूटन हसत म्हणाला होता, की दुसऱ्यांनी करून देण्याची वाट पाहिली असती तर माझ्या हातून काहीच झालं नसतं. हे आत्याने सांगितल्यावर भाच्याने लगेच उत्तर दिलं, "न्यूटनला पर्याय नव्हता. तुला आहे."

इथपर्यंत बरोबरी म्हणायला हरकत नाही. भाच्याचा खरा बाण मात्र पुढे होता.

"आत्या, राग मानू नकोस. पण हे जे समाधान आहे ना, त्याच्यावर संशोधन झालंय. नॉर्टन, मोचॉन आणि एरिअली या तिघांनी लोकांना कागदाचे बेडूक आणि बगळे घडी घालून करायला लावले. मग विचारलं, याला किती पैसे द्याल? करणाऱ्यांनी आपल्या वेड्यावाकड्या बेडकाला इतरांनी दिलेल्या किमतीच्या जवळपास पाचपट किंमत लावली. तज्ज्ञांनी केलेल्या सुबक बेडकांना मिळाली साधारण तेवढीच! २०१२ साली हा निबंध छापून आला. सुटे भाग जोडून फर्निचर करायला लावणाऱ्या एका कंपनीचं नावच या परिणामाला पडलंय. आपण केलं म्हणून चांगलं वाटतं, बस. तो मनाचा खेळ आहे."

आत्याने चकलीचा तुकडा मोडला. थोडा वेळ गप्प बसली. "त्याच निबंधात असंही आहे ना, की ज्यांना ते पुरं करता आलं नाही किंवा करून झाल्यावर मोडावं लागलं, त्यांना तसं वाटलं नाही?"

"हो, आहे."

"चल, पॅसेजमध्ये ये."

पॅसेजच्या एका टोकाला स्टुलावर आरसा उभा होता. २४०० मिलिमीटर अंतरावर, दुसऱ्या टोकाला, एका लाकडी ठोकळ्यावर बारीक फटीमागे एलईडी आणि त्याशेजारी स्क्रूने कणाकणाने सरकणारं दाढीचं पातं. पॅरिसमध्ये लेऑं फूकोने १८५८ च्या सुमारास काढलेली ही चाचणी आजही तशीच करतात. दिवे घालवून पात्याच्या मागे डोळा लावला की आरसा पौर्णिमेच्या चंद्रासारखा भरून उजळलेला दिसतो. पातं आडवं सरकवून परत येणारा प्रकाश कापायला लागलं, की त्याच्यावर सावल्या पडतात. गोलाचा अचूक तुकडा असेल तर सगळी चकती एकदम करडी होते. पॅराबोला असेल तर मेदूवड्यासारखी दिसते, मध्ये खळगा आणि भोवती फुगीर कडं. दुर्बिणीला पॅराबोला हवा असतो. आत्याच्या मापाच्या आरशात गोल आणि पॅराबोला यांच्यातला फरक कडेला मिलिमीटरच्या तीन दहाहजारांश भागापेक्षाही कमी आहे, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे अडीचशेवा भाग. तो या पात्याला दिसतो.

"मेदूवडा दिसतोय," भाचा म्हणाला. "पण कडेला एक चमकती रेघ आहे."

"कड उतरलीय. दीडएक मिलिमीटर रुंदीची. घोटताना घाई केली, पिच मऊ होतं. चार रात्री त्याच्यावर घातल्या, पूर्ण जात नाही. आता तू जा, आरशावर अंगठा टेकव. दहा सेकंद."

भाच्याने टेकवला आणि परत येऊन पात्यामागे डोळा लावला. मेदूवड्यावर एक टेकडी उभी होती. त्याच्या अंगठ्याच्या उबेने काच तेवढ्या जागी फुगली होती. तो बघत राहिला, तशी टेकडी खचत गेली आणि काही मिनिटांनी नाहीशी झाली.

तो बराच वेळ काही बोलला नाही.

"तुझ्या त्या बेडकाला अशी चाचणी नव्हती," आत्या दिवा लावत म्हणाली. "मला हा आरसा फार आवडतो, आणि पातं मला दर वेळी सांगतं की याची कड उतरलेली आहे. दोन्ही एकदम खरं आहे. तुझ्या दुर्बिणीच्या भिंगात काय दोष आहे, सांग बरं?"

"माहीत नाही. असला तर कंपनी बदलून देते."

"दिसला तर."

"आणि तुझ्या पात्यापेक्षा कंपनीचं यंत्र शंभरपट नीट मोजतं."

"मोजतं. हबलचंही मोजलं होतं."

एप्रिल १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली. तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा त्या काळात घोटलेल्या सर्वांत गुळगुळीत आरशांपैकी एक होता. फक्त त्याचा आकार चुकला होता. कडेला तो सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट होता. आरसा तपासणाऱ्या मुख्य उपकरणात एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसवलेलं होतं आणि त्या चुकीच्या मापाबरहुकूम आरसा अतिशय काटेकोरपणे घोटला गेला. कमी अचूक समजल्या जाणाऱ्या इतर चाचण्यांत दोष दिसला होता. पण भरवसा महागड्या उपकरणावर होता, म्हणून ते निकाल बाजूला ठेवले गेले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन सुधारक आरशांची व्यवस्था बसवली, तेव्हा चित्रं स्पष्ट झाली.

"ती दुरुस्तीसुद्धा कुणी जेवणाच्या टेबलावर केली नाही," भाच्याने आठवण करून दिली. आत्याने ते मान्य केलं.

दोघं टेबलापाशी परत आली, तेव्हा चहा गार झाला होता. भाच्याने बशीतली शेवटची चकली उचलली आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "ही कुठली?"

"दुकानातली."

"नेहमीच दुकानातली. तुझ्या घरी दिवाळीचा फराळ केलेला मला आठवत नाही. आई करायची, आजी करायची. तू शाळेतून येताना पुडे घेऊन यायचीस. स्वतः करण्याचं एवढं समाधान असतं, तर भाजणी भाजायची होतीस."

आत्याने चष्मा काढून पुसला. हा मुद्दा तिला कुणीतरी कधीतरी विचारेल असं तिला वाटत होतंच.

"तुझ्या आजीने चाळीस दिवाळ्या फराळ केला. पहाटे उठून, दिवसभर चुलीपुढे. तुला करणं आवडतं का, असं तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी नोकरीला लागले तेव्हा ठरवलं, हे आपण विकत आणायचं. लोकांनी नावं ठेवली. तयार मिळत होतं म्हणून मला शाळेत प्रयोग करून घ्यायला आणि रात्री आकाश बघायला वेळ मिळाला. तेव्हा तयार वस्तूंना मी नावं ठेवणार नाही. चकली मला करावी लागली असती. आरसा मला करायचा होता."

"म्हणजे तुझा आरसा दुकानातल्या चकलीवर उभा आहे."

"आहेच. आणि ती चकली कुणीतरी बाईच तळत असेल, तिला किती मिळतात ते मला माहीत नाही. हे समाधान ज्याला वेळ आहे त्याचं आहे, हे तुझं म्हणणं असेल तर ते मला कबूल आहे."

भाच्याला ते म्हणायचं होतंच, पण तिने आधीच म्हटल्यामुळे त्याची पंचाईत झाली. तो दुसरीकडून आला. "मग वेळेचंच बोलू. आज गच्चीवर चोवीस पोरांनी तेजोमेघ पाहिला. मला आकाश दाखवायचं होतं, ते मी दाखवलं. तुला आकाश दाखवायचंय की आरसा?"

हा प्रश्न जॉन डॉब्सनने त्याच्या पद्धतीने सोडवला होता. पेकिंगमध्ये जन्मलेला हा अमेरिकन १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या रामकृष्ण संघाच्या वेदान्त मठात संन्यासी म्हणून दाखल झाला. मठात राहून तो जहाजांच्या गोल खिडक्यांच्या टाकून दिलेल्या काचा घासायचा, पुठ्ठ्याच्या जाड नळ्यांत बसवायचा आणि लाकडी पेटीवर ठेवलेल्या त्या दुर्बिणी रस्त्यावर ढकलत नेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र आणि शनी दाखवायचा. रात्री-अपरात्री बाहेर असण्याचा हा प्रकार मठाला मानवेना. १९६७ साली त्याला मठ सोडावा लागला. पुढच्या वर्षी त्याने आणि त्याच्या साथीदारांनी फुटपाथवर आकाश दाखवणाऱ्यांची संघटना सुरू केली. डोक्यावर छप्पर नव्हतं तेव्हाही दुर्बिणी होत्या.

"आणि आज डॉब्सनच्या धाटणीची दुर्बीण जगभरचे कारखाने तयार करून विकतात," भाचा म्हणाला. "सगळ्यात स्वस्त मोठी दुर्बीण तीच. डॉब्सनने केलं आणि बाकीच्यांनी विकत घेतलं. त्यात वाईट काय झालं?"

"काहीच नाही. पण आधी एकाने पुठ्ठ्याची नळी उचलली म्हणून."

आत्या स्वतः आरसा घासणं शिकली तेही अशाच उचापती माणसांमुळे. पुण्यात टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे. आयुका या खगोलविज्ञान संस्थेने शिक्षकांसाठी आणि हौशी मंडळींसाठी आरसा घासण्याच्या कार्यशाळा घेतल्या. तिथल्याच मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबा आणि रिकाम्या बाटल्यांतून शेकडो खेळणी मुलांकडून करवून घेतली. आत्या शाळेत शिकवत असताना अशा एका कार्यशाळेला गेली होती. काच घरी आणली ती मात्र निवृत्तीनंतर.

"तू मघाशी म्हणालास, नळ आल्यावर विहिरीवर कोण जातं," ती म्हणाली. "खोडदला गेला आहेस?"

गेला होता. शाळेची सहल. नारायणगावच्या पुढे जुन्नर तालुक्यात शेतांमधून उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, एकूण ३०, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. एवढ्या मोठ्या तबकड्या नेहमीच्या पद्धतीने भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर त्यांचं वजन आणि वारा पेलण्यासाठी लागणारं लोखंड परवडलं नसतं. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या गटाने ताणलेल्या तारांच्या दोऱ्यांवर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी बसवण्याची युक्ती काढली. वारा जाळीतून निघून जातो, लांब तरंगलांबीच्या रेडिओलहरी मात्र परतवल्या जातात. ही कल्पना इथलीच, बांधणीही इथलीच.

"पण त्याच्या आधी काय झालं ते सांग की," भाचा उसळून म्हणाला. हे त्याला पाठ होतं, सहलीनंतर त्याने त्यावर प्रकल्प केला होता. "स्वरूप यांनी पहिली रेडिओ दुर्बीण कल्याणला उभारली, १९६५ साली. ३२ तबकड्या, सहा-सहा फुटांच्या. त्या ऑस्ट्रेलियाने देऊन टाकलेल्या होत्या. तयार! तिकडे त्यांचं काम संपलं होतं. तयार तबकड्यांवर माणसं शिकली, मग १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली, आणि मग खोडद. आधी तयार माल आला, आत्या."

आत्या खुशीत हसली. आपल्या विद्यार्थ्याने फळ्यावरची आपलीच चूक दाखवल्यावर मास्तरीण हसेल तशी. "हे मी विसरले होते," ती म्हणाली. "मग तुझी ती दुर्बीण म्हणजे कल्याण समजू."

वाद त्या रात्री मिटला नाही. भाच्याचं अजूनही म्हणणं आहे की पाच महिने ही किंमत फार आहे, आणि सोसायटीतल्या पोरांना आकाशाची गोडी लागायची तर ती गुलाबी ढगानेच लागेल. आत्याचं म्हणणं आहे की गुलाबी रंग त्यातल्या एकाही पोराच्या डोळ्याने पाहिलेला नाही, तो फोनने पाहिला. डोळ्याला तो ढग करडा, किंचित हिरवट दिसतो, आणि ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं. भाच्याने निघताना विचारलं की उतरलेल्या कडेचं काय करणार. कडेवरून येणारा प्रकाश चुकीच्या जागी जातो, म्हणून तेवढी कड काळ्या कागदाने झाकायची, असं उत्तर मिळालं. एकूण प्रकाशातले चारेक टक्के जातात, चित्र मात्र स्वच्छ राहतं.

पंधरा दिवसांनी, शुक्ल अष्टमीच्या आसपास, तो पुन्हा आला. काळा कागद त्यानेच आणला होता. कंपासने दोन वर्तुळं काढून त्याने कडं कापलं; पहिलं वाकडं गेलं, दुसरं बसलं. आरसा अजून मुलाम्याला पाठवायचा होता. पाठवण्याआधी तो एकदा नळीत बसवून आकाशाकडे लावून बघायची पद्धत आहे, कारण मुलामा दिल्यावर दोष सापडला तर तो उतरवून पुन्हा घोटावं लागतं. सुताराने केलेली नळी दोघांनी जिन्यातून वर नेली. शेजारी भाच्याची दुर्बीणही होती, तिने तोवर तीन तेजोमेघ टिपले होते.

आत्याने आधी पाहिलं, मग भाच्याने. अर्धा चंद्र होता. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उन्हात आणि तळ काळोखात. गच्चीवर आलेल्या एका मुलीने आत वाकून विचारलं, "यात काच तर साधीच आहे. मग चंद्र कसा दिसतो?"

आत्याने तिला सांगितलं. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला आरसा जवळजवळ नव्वद टक्के प्रकाश परतवतो. घोटलेली साधी काच तिच्या पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवते. बाकीचा आरपार निघून जातो. त्या रात्री दीडशे मिलिमीटरचा तो आरसा प्रकाशाच्या हिशेबात मुलामा दिलेल्या तीसएक मिलिमीटरच्या आरशाएवढाच होता. चंद्र पाहायला तेवढा पुरतो.